खाण दाराशी, कोळसा रायगढचा

चंद्रपुरात तुकूमच्या वळणावर, मावशीच्या टपरीपुढे कट्टा भरला होता. फोरमनकाकांनी त्यांचा ठरलेला विषय काढला: आपल्या थर्मलला, म्हणजे औष्णिक वीज केंद्राला, आता कोळशाची हक्काची खाण आहे.

"२९२० मेगावॅट!" काका मेगावॅटशिवाय बोलत नाहीत. मुलीच्या लग्नात त्यांनी पाहुण्यांना आधी जनरेटर दाखवला, मग नवरदेव. "गारे पालमा सेक्टर दोन! वर्षाले २३६ लाख टन निघू शकते! आपल्यासंगं कोराडी, परळीलेबी पुरन."

"रायगडावर खाण?" पप्पूने खर्रा घोटता घोटता विचारलं. "महाराजांच्या?"

"छत्तीसगढचं रायगढ बे!" मास्तर ओरडले. "भूगोलात तुले पस्तीस मार्क मीच देल्ले होते. आज पस्तावा होते."

हशा ओसरल्यावर मास्तर काकांकडे वळले. "१९८३ मध्ये पहिला संच इथं कायले उभा केला? दुर्गापूर-पद्मापूरचा कोळसा दाराशी अन् इरईचं पाणी उशाशी म्हणून. आपल्या कोळशात शेकडा पस्तीस-चाळीस राख. दहा टन आणला का साडेतीन-चार टन राखच भाडं भरून आणली. म्हणून वीजघर खाणीच्या तोंडाशी बांधतेत. अन् आता सोताची खाण घेतली, तं ते दुसऱ्या राज्यात!"

"पण दाराशी हाये ते वेकोलिची, वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनीची," काका म्हणाले. "पावसाळ्यात खाणीत पाणी भरलं, कोळसा कमी आला, का हात जोडत बसा. मी कंट्रोल रूममध्ये असताना..."

"तुम्ही स्टोअरमध्ये होते," पप्पू म्हणाला.

मावशी कप धूत होती. तिचे कप सदा पालथे असतात, सरळ ठेवले की तळाशी काळी भुकटी बसते. ती मान वर न करता म्हणाली, "तिथं गावं नाईत का?"

"हायेत नं. तमनार तालुक्यात. १४ गावं," मास्तरांचा आवाज खाली आला. "२०२४ च्या जानेवारीत हरित लवादानं पर्यावरण मंजुरी रद्द केली होती. त्याच वर्षी परत भेटली. २०२५ च्या जूनमध्ये मुडागावात झाडं तोडाले गेले, तं पोलिसांचा केवढा बंदोबस्त!"

"विकास पाह्यजे तं थोडं सोसा लागते," काका.

"आपण चाळीस वर्षं राख पुसून रायलो," मावशी म्हणाली. "आता फडकं तिथल्या बाईच्या हातात देऊन रायलो. इथली राख कमी होईन का पण?"

काका गप्प. कोळसा रायगढचा आला तरी जळणार इथेच, राख पडणार इथेच. इतक्या वर्षांच्या चर्चेत हे कोणी एवढं सरळ बोललं नव्हतं. मी मावशीच्या बाजूने आहे आणि तमनारच्या त्या बाईच्याही.

"मंग अंधारात बसाचं का?" काकांनी पुन्हा उसळी घेतली. "मुंबई-पुण्याले वीज कोण देईन?"

"देऊन तं रायलोच," पप्पू म्हणाला. "आपण २०० युनिट फुकट मागतो तवा मात्र सगळ्यायचे कान बंद."

"तुझ्या घरी तं आकडा होता," काकांनी जुनं उकरलं.

"आजोबाच्या वेळचा! अन् तुम्ही मास्तरांचा कूलर नेला, त्याले दोन उन्हाळे झाले!"

"पंप जळला त्याचा..."

"चालू कूलर देल्ला होता मी!" मास्तर उभेच राहिले. "मे महिन्यात, चंद्रपुरात, ओला पंचा गुंडाळून झोपलो!"

"काका," मावशीने चहा पुढे केला, "दाराशीचा कूलर आधी परत करा. तमनारचा कोळसा मंग आणा."

कट्टा फुटला. पप्पूचा खर्रा सांडला. "किती मेगावॅटचा होता जी कूलर?" त्याने हसत हसत विचारलं.

"१८० वॅट," काका म्हणाले, आणि मग तेही हसायला लागले.