भरतनाट्यम ‘जसेच्या तसे’ चालत आलेले नाही

गुरुपौर्णिमा जवळ आली की नृत्यवर्गांच्या पालकांमध्ये एक मजकूर फिरू लागतो. दर वर्षी त्याची भाषा थोडी बदलते, आशय मात्र तोच राहतो. भरतनाट्यम भरतमुनींनी घालून दिले आणि गेल्या दोन हजार वर्षांत त्यातला एक अडवूही (पायांच्या ठोक्यांचा आणि हातांच्या हालचालींचा मूलभूत घटक) बदललेला नाही. मंदिरातली ही पवित्र कला देवदासींच्या हाती बिघडली आणि विसाव्या शतकात सुशिक्षित घरांनी ती पुन्हा शुद्ध केली. ती मुळात तमिळ असून मराठी माणसाने ती अलीकडे उसनी घेतली. आणि म्हणून शिकणाऱ्याने काहीही न विचारता गुरू दाखवतील तसे करत जावे, असे त्यात सांगितलेले असते. पाठवणाऱ्यांना या कलेविषयी आदर असतो याबद्दल मला शंका नाही. परंतु पंचवीस वर्षांहून अधिक काळ हे नृत्य शिकत, सादर करत आणि आता शिकवत असताना मला असे दिसले आहे की या मजकुरामुळे त्या आदराचा रोख चुकतो. ज्या माणसांनी हे नृत्य घडवले, ती माणसेच त्यातून नाहीशी होतात. म्हणून त्यातली विधाने एकेक करून तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान पुरातनपणाचे आहे. ‘नाट्यशास्त्र’ हा साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळातला ग्रंथ मानला जातो आणि त्याचा विषय संपूर्ण नाट्य हा आहे. रंगमंडपाची बांधणी, रस आणि भाव, छंद, वाद्ये, पात्रांची वेशभूषा अशा अनेक गोष्टी त्यात येतात, आणि चौथ्या अध्यायात १०८ करणांचे, म्हणजे हात, पाय आणि शरीर यांच्या एकत्रित हालचालींचे, वर्णन येते. आपल्या वर्गात मात्र पहिल्या दिवशी करण शिकवले जात नाही. अडवू शिकवला जातो, आणि ‘अडवू’ हा शब्द त्या ग्रंथात नाही. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसून, तट्टाडवू हा सुरुवातीचा अडवू तीन काळांत (गतींत) करताना आपण ज्या पद्धतीने पाय आपटतो, तिची रीतसर नोंद फार पुढच्या काळातल्या ग्रंथांत सापडते. हस्तमुद्रांचे उदाहरण तर प्रत्येक विद्यार्थिनीच्या हाताशी आहे. ‘पताकस्त्रिपताकोऽर्धपताकः’ हा जो श्लोक मुली वर्गात एका सुरात म्हणतात, तो नंदिकेश्वरांच्या ‘अभिनयदर्पणा’तला आहे. त्यात एका हाताचे २८ हस्त सांगितले आहेत आणि ‘नाट्यशास्त्रा’त २४. पहिल्या वर्षाच्या मुलीने आपल्या वहीतले हस्त मोजले, तरी हे नृत्य एकाच ग्रंथातून सरळ उतरलेले नाही हे तिला कळते.

करणांची गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात ८१ करणांची शिल्पे आहेत आणि चिदंबरमच्या गोपुरांमध्ये करणे श्लोकांसह कोरलेली आहेत. विसाव्या शतकात नर्तकी आणि अभ्यासक डॉ. पद्मा सुब्रह्मण्यम यांनी ग्रंथ आणि शिल्पे यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून या करणांची हालचाल पुन्हा रचली. परंपरा अखंड आणि अबाधित चालत आली असती, तर या पुनर्रचनेची गरजच पडली नसती. ‘नाट्यशास्त्रा’शी भरतनाट्यमचे नाते नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. रसविचार, अभिनयाचे चार प्रकार, नायिकेच्या अवस्था हे सारे तिथूनच येते आणि ते धागे बळकट आहेत. पण बीज जुने असणे आणि झाड जसेच्या तसे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मग आज आपण करतो तो कार्यक्रम कोणी बांधला? अलारिपू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना हा जो रचनांचा क्रम अरंगेत्रमच्या, म्हणजे पहिल्या जाहीर सादरीकरणाच्या, वेळी प्रत्येक मुलगी पार करते, त्याच्या घडणीचे श्रेय तंजावरच्या चार भावांना दिले जाते. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चौघे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले, नट्टुवनारांच्या (नृत्य शिकवणाऱ्या आणि ताल धरणाऱ्या गुरूंच्या) घरात जन्मलेले आणि कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांच्याकडे संगीत शिकलेले. त्यांनी रचलेली वर्णमे आणि जतिस्वरमे आपण आजही करतो. त्यांपैकी वडिवेलु पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ यांच्या दरबारी गेले. व्हायोलिन हे परदेशी वाद्य दक्षिणेच्या संगीतात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि त्यासाठी राजाने त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले होते. ज्यांना आपण परंपरेचे आधारस्तंभ म्हणतो, ते स्वतः असे नव्याचा स्वीकार करणारे कलावंत होते, हे मला फार मोलाचे वाटते.

त्यानंतरही बदल थांबले नाहीत. पूर्वी वादक आणि नट्टुवनार नर्तकीच्या मागे उभे राहत आणि तिच्याबरोबर पुढेमागे सरकत. त्यांना रंगमंचाच्या एका बाजूला बसवण्याची पद्धत विसाव्या शतकात रुळली. चुण्यांचा पंखा असलेला शिवलेला पोशाख आणि रंगमंचावर नटराजाची मूर्ती ठेवण्याची रीत याच काळात रूढ झाली, आणि तिच्याशी नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे नाव जोडलेले आहे. शिवाय पंदनल्लूर, वळुवूर, तंजावर आणि कलाक्षेत्र या बाण्यांमध्ये (शैलींमध्ये) एकाच अडवूचे रूप सारखे नसते. मी एका बाणीतून दुसरीत गेले, तेव्हा दहा वर्षे शरीरात मुरलेली हाताची रेषा आणि कमरेतला झोक विसरण्यात माझे कितीतरी महिने गेले. एकही अडवू बदललेला नाही असे म्हणणाऱ्याला माझा एवढाच प्रश्न आहे की, यांपैकी कोणत्या बाणीतला अडवू बदललेला नाही?

दुसरे विधान मला सर्वांत अन्यायाचे वाटते. अकराव्या शतकाच्या आरंभी राजराज चोळाने बृहदीश्वर मंदिरासाठी ४०० स्त्रिया तंजावरात आणून वसवल्या आणि त्यांची नावे मंदिराच्या भिंतीवर कोरून ठेवली. ज्या परंपरेत देवळाच्या दगडावर नर्तकीचे नाव लिहिले गेले, त्याच परंपरेविषयी बोलताना आज आपण त्या स्त्रियांना कला बिघडवणाऱ्या ठरवतो. ‘शुद्धीकरणा’च्या कथेत नायिका म्हणून ज्यांचे नाव नेहमी घेतले जाते, त्या रुक्मिणीदेवी कोणाकडे शिकल्या हेही पाहावे. त्या शिकल्या मैलापूरच्या गौरी अम्माळ यांच्याकडे, आणि त्या स्वतः देवदासी होत्या. तसेच पंदनल्लूरच्या मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे, आणि ते वंशपरंपरागत नट्टुवनार होते. रुक्मिणीदेवींनी १९३५ मध्ये पहिला कार्यक्रम केला आणि १९३६ मध्ये कलाक्षेत्र या नृत्यसंस्थेची स्थापना केली. त्यांचे कार्य खरोखरच मोठे आहे आणि ते कमी लेखण्याची माझी इच्छा नाही. मात्र ज्यांनी कला सांभाळून ठेवली त्यांच्याचकडून ती घ्यायची आणि नंतर त्यांनाच दूषित म्हणायचे, हा हिशोब न्यायाचा नाही.

‘भरतनाट्यम’ हे नावदेखील १९३० च्या दशकात मद्रासमध्ये ठरवून रूढ केले गेले. त्याआधी याच नृत्याला सदिर, चिन्नमेळम, दासीआट्टम अशी नावे होती. लहान मुलींना देवाला सोडण्याच्या प्रथेत शोषण होते, हे खरे आहे आणि समाजसुधारक डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी तिच्याविरुद्ध दिलेला लढा आवश्यक होता, यावरही माझा विश्वास आहे. १९४७ मध्ये मद्रास प्रांतात या प्रथेवर कायद्याने बंदी आली. पण प्रथेविरुद्धच्या त्या रोषात प्रथेत अडकलेल्या स्त्रियांची विद्याही बदनाम झाली, आणि ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या पदम (अभिनयप्रधान गीत) गायले आणि नाचले जात होते, त्या घरांतल्या मुलींसाठी रंगमंचाची दारे मिटत गेली, तर इतरांच्या मुलींसाठी ती उघडत गेली. मी त्या इतरांपैकी एक आहे, म्हणून हे लिहिण्याची जबाबदारी मला अधिक जाणवते.

नर्तकी टी. बालसरस्वती (१९१८–१९८४) यांचे उदाहरण याबाबत निर्णायक आहे. प्रसिद्ध वीणावादक वीणा धनम्माळ यांची ही नात देवदासी परंपरेतल्या घरात वाढली. तिचे गुरू कंदप्पा पिळ्ळै हे त्याच तंजावर बंधूंच्या वंशातले होते, आणि सातव्या वर्षी कांचीपुरमला देवीसमोर तिचे अरंगेत्रम झाले. शृंगार हा या नृत्याचा श्रेष्ठ भाव आहे आणि तो काढून टाकून नृत्य शुद्ध होत नाही, ही भूमिका त्यांनी आयुष्यभर ठामपणे मांडली. १९७३ मध्ये मद्रासच्या म्युझिक अकादमीने त्यांना ‘संगीत कलानिधी’ ही पदवी दिली. जी परंपरा बिघडली होती असे म्हणतात, तिच्यातून इतके उत्तुंग अभिनयसामर्थ्य कसे निपजले, याचे उत्तर त्या मजकुरात मिळत नाही.

या विधानाचा परिणाम प्रत्यक्ष नाचावर होतो, हे मी अनुभवाने सांगते. सतराव्या वर्षी मी पदकर्ते क्षेत्रय्या यांचे एक पदम शिकले. सतराव्या शतकातल्या या तेलुगू पदांमध्ये नायिका ‘मुव्व गोपाला’शी, म्हणजे कृष्णाशी, बोलते, रुसते, त्याला दुसरीकडे रात्र घालवल्याबद्दल जाब विचारते. मला सांगितले गेले होते की हे सगळे ईश्वरासाठी आहे, त्यात लौकिक काही पाहायचे नाही. म्हणून मी संपूर्ण पदम नजर वर लावून, हात जोडल्यासारख्या चेहऱ्याने केले. मत्सर, थट्टा, दुखावलेला मान यांपैकी काहीही माझ्या चेहऱ्यावर आले नाही, कारण ते येऊ देण्याची मला लाज वाटत होती. पुढे मी शब्दाशब्दाचा अर्थ लिहून काढला आणि हे पद ज्या स्त्रियांनी जपले त्यांच्याविषयी वाचले, तेव्हा मला पहिल्यांदा त्या नायिकेच्या शेजारी उभे राहता आले. भक्ती तिथे आहेच, पण ती त्या बाईच्या बोलण्यातून वाट काढत येते, आणि ते बोलणे गाळले की भक्तीलाही आधार उरत नाही.

तिसरे विधान मराठी माणसाच्या उसनवारीचे. तंजावरला सतराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भोसल्यांचे राज्य होते. अडवूंची नोंद करणारा एक महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे ‘संगीतसारामृत’, आणि तो लिहिणारे राजे तुळजाजी भोसले होते (राज्यकाळ १७२८–१७३६). तंजावरचे ते चार बंधू भोसले घराण्यातलेच राजे सरफोजी दुसरे (राज्यकाळ १७९८–१८३२) यांच्या दरबाराशी निगडित होते, आणि स्वतः सरफोजींच्या नावावर मराठीतल्या नृत्यरचना आहेत. एखादी कथा घेऊन तिच्यावर शब्द, वर्ण, पद, तिल्लाना अशा रचनांची मालिका बांधायची, हा ‘निरूपण’ नावाचा प्रकार मराठी भाषेत तंजावरात घडला. मालवणकडचे आचार्य पार्वतीकुमार यांनी विसाव्या शतकात या रचनांचा अभ्यास करून त्या पुन्हा नृत्यात आणल्या. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या सादर केल्या; त्या तंजावर बंधूंचे वंशज किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिकल्या होत्या. बडोद्यात तर हे नृत्य त्याहून आधी पोहोचले होते. १८८० च्या सुमारास सयाजीराव गायकवाडांचा तंजावरच्या राजकन्येशी विवाह झाला, तेव्हा तिच्याबरोबर गौरा आणि कांतिमती या नर्तकी वादकांसह बडोद्याच्या दरबारी आल्या.

मात्र इथे विरुद्ध टोकाला जाण्याचा मोह टाळला पाहिजे. भरतनाट्यम मराठ्यांनीच निर्माण केले, असेही काही जण अभिमानाने सांगू लागले आहेत, आणि तेही तितकेच चुकीचे आहे. आश्रय देणारे आणि काही रचना करणारे राजे मराठी होते; नाचणाऱ्या स्त्रिया आणि शिकवणारे नट्टुवनार तमिळ आणि तेलुगू भाषक होते. सरफोजींच्या दरबारात तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी या चारही भाषा नांदत होत्या, आणि आपला वाटा त्या नांदण्यातला आहे.

प्रश्न न विचारण्याविषयी थोडेच सांगायचे आहे. पहिली काही वर्षे अनुकरणाचीच असतात आणि ती तशीच असावीत. अरमंडीत मांड्या थरथरत असताना गुडघे बाहेर का वळवायचे, याची चर्चा करून ते वळत नाहीत, तट्टकळीच्या (ताल देण्याच्या लाकडी दांडक्याच्या) ठोक्यावर पुन्हा पुन्हा करूनच वळतात. परंतु वर्णमपर्यंत, म्हणजे कार्यक्रमातल्या सर्वांत मोठ्या रचनेपर्यंत, पोहोचलेल्या मुलीला संचारी (ओळीचा अर्थ अभिनयाने फुलवणारा भाग) स्वतः विचार करून भरावी लागते, एकाच ओळीचे अर्थ पाच प्रकारे दाखवावे लागतात, आणि ही ओळ कोणाची, कोणाला उद्देशून, कोणत्या प्रसंगी म्हटलेली आहे हे विचारल्याशिवाय ते तिला कसे जमणार?

माझ्या अरंगेत्रमच्या पत्रिकेत जतिस्वरम, वर्णम आणि तिल्लाना या तिन्हींपुढे ‘पारंपरिक’ असा एकच शब्द छापला होता. मी त्याविषयी विचारले तेव्हा, आपल्याकडे असेच लिहितात, असे उत्तर मिळाले. पुढे कळले की ते आनंदभैरवीतले वर्णम तंजावर बंधूंचे होते. ते मी दोन वर्षे रोज करत होते आणि ज्यांनी ते रचले त्यांचे नाव मला माहीत नव्हते. आता आमच्या वर्गातल्या मुलीची पत्रिका छापायला जाते, तेव्हा ती स्वतः बसून प्रत्येक रचनेपुढे वाग्गेयकाराचे (रचनाकाराचे) नाव लिहिते, आणि ज्यांच्याकडून ती रचना आमच्यापर्यंत आली त्या नट्टुवनारांचे आणि अम्माळांचे नावही त्याखाली लिहिते.