एमसीबी वायर वाचवते, कामगार नव्हे

पावसाळा तोंडावर आला की ठाणे-नवी मुंबईतल्या बांधकाम ठेकेदारांमध्ये एक संदेश फिरू लागतो : ‘डीबीत (वीज वाटणाऱ्या पेटीत) एमसीबी (प्रवाह मर्यादेपेक्षा वाढला की आपोआप पडणारा, म्हणजे बंद होणारा, स्विच) आणि कामगाराच्या पायात गमबूट असतील, तर शॉकने जीव जात नाही, तरीही अपघात झाला, तर दोष कामगाराच्या निष्काळजीपणाचा.’ यातले तिन्ही दावे चुकीचे आहेत आणि पहिला तर जीवघेणा आहे.

एमसीबी बसवतात ती वायर जळू नये म्हणून. ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून सुमारे ०.२३ अँपिअर प्रवाह वाहतो. हृदयाची लय बिघडायला तो पुरेसा आहे, पण ३२ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. ‘आमच्याकडे अर्थिंग आहे’ हे उत्तरही पुरत नाही. अर्थिंगचा रोध १० ओहम असेल, तर गळतीचा प्रवाह २३ अँपिअरच्या वर जात नाही. एमसीबी पडत नाही आणि पाणी उपसणाऱ्या पंपाच्या बॉडीत करंट तसाच राहतो. इथे लागतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, ज्याला साइटवर अजूनही ईएलसीबीच म्हणतात. गेलेल्या आणि परतलेल्या प्रवाहात तेवढा फरक पडताच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. (फेज आणि न्यूट्रल एकाच वेळी हातात आले, तर मात्र त्याचाही भरवसा नाही.)

घोडबंदर रोडलगतच्या एका साइटवर जुलैमध्ये मी पाहिले, की ईएलसीबी होता, पण ‘सारखा पडतो’ म्हणून वायरमनने तो बायपास केला होता. तळघरात उतरल्यावर कारण दिसले : पंपाच्या केबलचा नुसती टेप गुंडाळलेला जोड घोटाभर पाण्यात बुडाला होता आणि सॉकेटमध्ये प्लगऐवजी उघड्या तारा काडेपेटीच्या काड्या खोचून घट्ट बसवल्या होत्या.

गमबूट जरूर घालावेत. पण स्लॅब भरताना एका हातात काँक्रीट बसवणारा विजेवरचा व्हायब्रेटर असतो आणि दुसरा हात सळईवर. अशा वेळी करंट हातातून हातात, थेट छातीतून जातो, तिथे बूट काय करणार?

राहिला निष्काळजीपणा. डीबीला कुलूप लावणे, केबल पाण्यातून न नेता वरून नेणे, आरसीसीबीचे टेस्ट बटण नियमित दाबून पाहणे, यांतले एकही काम बिगाऱ्याच्या अखत्यारीत नसते. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्यानेही सुरक्षिततेची जबाबदारी काम देणाऱ्यावरच टाकली होती. त्या तळघरातल्या बिगाऱ्याने तर ‘पंपाला हात लावला की झिणझिण्या येतात’ हे आदल्याच दिवशी मुकादमाला सांगितले होते. त्यावर त्याला गमबूट देण्यात आले.