बिचारी आणि वाया गेलेला

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत दोन विषय दहा मिनिटांत निकालात निघाले आणि त्यानंतर पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या यावर तासभर खल झाला. पहिला विषय रॅम्पचा होता, कारण आमची लिफ्ट पाच पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होते. दुसरा, व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन परतलेल्या मुलांच्या समुपदेशनासाठी तळमजल्यावरचा रिकामा फ्लॅट एका संस्थेला संध्याकाळपुरता भाड्याने देण्याचा. पहिल्यावर ‘आपल्याकडे तसे कोणी नाही’ असे उत्तर आले आणि दुसऱ्यावर ‘आपल्याकडे लेकीसुना आहेत, आणि व्यसनी मुले चोऱ्या करतात’ असे. मी बोलायला उठले, तर ‘ताई, भावना समजतात, पण वेळ कमी आहे’ म्हणून मला खाली बसवण्यात आले. तेव्हापासून डोके तापले आहे.

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात, छत्रपती संभाजीनगरला, ‘तसे’ दोघेही आहेत. भाचीला स्नायू क्षीण होत जाण्याचा आजार आहे आणि सातवीपासून ती व्हीलचेअरवर आहे. तिच्या शाळेत नववी-दहावीचे वर्ग पहिल्या मजल्यावर भरत. वर्ग खाली घ्या, ही साधी विनंती ‘एका मुलीसाठी वेळापत्रक बदलता येत नाही’ असे सांगून फेटाळली गेली, तेव्हा तिचा धाकटा भाऊ तिला रोज पाठुंगळी घेऊन जिना चढू लागला. दप्तर तिच्या पाठीवर आणि ती याच्या पाठीवर, असे ते दोघे वर जात. शिक्षक त्याचे कौतुक करत. ‘श्रावणबाळ’ म्हणत. त्या कौतुकाचा मला आज जेवढा संताप येतो तेवढा कशाचाच येत नाही, कारण तेरा वर्षांच्या पोराची पाठ वापरून शाळेने स्वतःचे काम वाचवले होते.

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा आहे. जुन्या कायद्यातल्या सात प्रकारांऐवजी त्यात एकवीस प्रकारच्या अपंगत्वांची नोंद आहे, शिक्षणसंस्थेची इमारत सर्वांना वापरता येईल अशी असावी असेही त्यात स्वच्छ लिहिले आहे. मात्र अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर सवलतींसाठी लागणारा किमान चाळीस टक्क्यांचा आकडा उमटवून घेण्यासाठी जिल्हा रुग्णालयात ताटकळलेल्या कोणत्याही आईला विचारा, कायदा आणि जिना यांपैकी रोज कशाशी गाठ पडते.

हाच श्रावणबाळ दहावीत असताना ‘कुत्ता गोळी’ खाऊ लागला. हे नाव पुण्या-मुंबईच्या मित्रांना कदाचित नवे असेल. मालेगावात आणि आमच्या मराठवाड्यात ते पोरांच्या तोंडी आहे. ती असते अल्प्राझोलमची गोळी, म्हणजे घबराटीवरचे आणि झोपेसाठीचे औषध. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाही, दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. माझ्या भाच्याला ती चिठ्ठीवाचून सुटी मिळत होती.

ताईच्या कानातले गेले तेव्हा घरात कळले. व्यसनी मुले चोऱ्या करतात, हा सभेतला आक्षेप खोटा नाही, हे मला मान्य करावे लागते. पण पुढे काय झाले तेही ऐका. त्याला परजिल्ह्यातल्या एका खासगी केंद्रात ठेवले, तिथे बाकी सगळे चाळिशी-पन्नाशीचे दारुडे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनातून येणाऱ्या मानसिक स्थितींचा समावेश आजारातच केला आहे, आणि अल्पवयीनांना प्रौढांपासून वेगळे ठेवावे असेही म्हटले आहे. त्या केंद्रात मात्र सोळा वर्षांचा मुलगा त्या बाप्यांचे कपडे धूत होता. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत व्हाइटनर, सोल्यूशन असले पदार्थ हुंगण्याच्या नशेचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळले होते. म्हणजे ही मुले आहेत हे सरकारला ठाऊक आहे. ती ठेवायची कुठे, एवढाच प्रश्न आहे, आणि आमच्या सोसायटीने आपल्यापुरते उत्तर आज दिले.

पुण्यात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, तेव्हापासून ‘व्यसन हा आजार आहे’ हे वाक्य आपण मराठी माणसे भाषणांत ऐकत आलो, टाळ्या वाजवत आलो. शेजारच्या फ्लॅटचा विषय निघाला की मात्र तो आजार राहत नाही, ती अवलाद होते. माफ करा, हा शब्द आजच्या सभेतलाच आहे.

भाचा केंद्रात गेला आणि भाचीचे बारावीचे वर्ष बुडाले, कारण जिना चढवायला कोणी उरले नाही. नातेवाईक येत, तिच्या डोक्यावरून हात फिरवून ‘बिचारी’ म्हणत, आणि त्याच्याबद्दल आवाज खाली आणून ‘वाया गेला’ म्हणत. मुलगी आता कॉलेजला कशी जाते, हे विचारावेसे एकालाही वाटले नाही. जिला नुसती दया दाखवायची तिच्यासाठी काही करावे लागत नाही, आणि ज्याच्या नावाने बोटे मोडायची त्याच्यासाठीही नाही. दोन्हीकडे आपली सुटका.

रॅम्पमुळे एका गाडीची जागा जाईल, हेही खरे. जाऊ द्या ना! आमच्या इमारतीत सत्तरी ओलांडलेली किती माणसे गुडघे धरून त्या पाच पायऱ्या चढतात, ते मी रोज पाहते.

एवढे लिहिल्यावर राग थोडा उतरला आहे. भाची आता मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करते. भाचा गॅरेजमध्ये काम शिकतो; मधे एकदा पुन्हा घसरला होता, सावरला, पुढचे कोणीच सांगू शकत नाही. ताईला पोस्ट टाकण्याआधी वाचून दाखवली, तिने एक वाक्य काढायला लावले, ते काढले. भाच्याने स्वतः वाचली आणि गोळीचे बाजारातले नाव तसेच ठेवायला सांगितले. म्हणाला, ‘मावशी, औषधाचं नाव वाचून आईला काय कळणार होतं? माझ्या खिशात पट्टी सापडली, तर तिला वाटलं डोकेदुखीची आहे.’