रॉस आयलंडची चितळं, बिस्किटं आणि आपण

दिवाळीनंतर टाइमलाइनवर अंदमानचे फोटो सुरू होतात. सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, राधानगर बीच, आणि मग तो ठरलेला फोटो, रॉस आयलंडवर (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) कुणीतरी चितळाला बिस्कीट भरवतंय. खाली कमेंट, "किती माणसाळलीयेत ना, निसर्ग असावा तर असा!" मी दरवेळी काहीतरी टाइप करते आणि काका-काकू नाराज होतील म्हणून खोडते. आज लिहूनच टाकते, लांबलंय, चालवून घ्या.

ती चितळं अंदमानची नाहीतच. साहेबाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोटीत घालून इकडून नेली आणि तिथे सोडली. आपल्या ताडोबात चितळामागे वाघ असतो, बिबट्या असतो, रानकुत्री असतात. अंदमानात यातलं एकही जनावर मूळचं नाही. त्यात चितळ पोहतं बरं का, या बेटावरून त्या बेटावर जातं, मग काय, पसरलं सगळीकडे. पन्नासच्या दशकात ही चितळं आवरायला म्हणून तिथे बिबटे आणून सोडले होते, किती तर दोन, आणि दोन्ही माद्या! पुढे त्यांचा मागमूस नाही. यावर मी काय बोलणार.

"अगं पण हरीणच ना ते, गवत खातं बिचारं, कुणाचं काय बिघडवतंय?" बिघडवतं. ते जमिनीलगतची रोपटी, कोंब, झुडपं, तोंड पोचेल ते सगळं खातं. वर मोठी झाडं उभी असतात म्हणून आपल्याला जंगल हिरवंगार दिसतं, फोटोही मस्त येतो, पण खालचा थर साफ झालेला असतो आणि तिथेच तर सरडे, पाली वगैरे राहतात. अंदमानात अशा कितीतरी जाती आहेत ज्या जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. भारतीय वन्यजीव संस्थेतल्या अभ्यासकांचा २०१६ मध्ये यावर पेपर आला होता, जिथे चितळं जास्त तिथे खालची झाडी विरळ आणि सरडेही खूप कमी. आता सरड्यासाठी कोण रडणार? पांढऱ्या ठिपक्यांचं, मोठ्या डोळ्यांचं पाडस दिसलं की आपण विरघळतो, आणि अंदमानची ती हिरवीगार दिवसा फिरणारी पाल दिसली तर "ईऽऽ पाल" करून रिसॉर्टवाल्याला फोन लावतो.

अंदमानातल्याच इंटरव्ह्यू आयलंडची गोष्ट तर अजून भारी आहे. लाकूडतोडीसाठी एका कंपनीने हत्ती नेले होते, १९६२ च्या सुमारास कंपनी बुडाली आणि चाळीसेक हत्ती तिथेच सोडून मंडळी मोकळी. हत्ती रानटी झाले. झाडांच्या साली सोलून खायचे, झाड उभ्याउभ्या मरायचं, आणि त्या जागी नवीन रोप उगवलं की ते चितळ खायचं. पर्यावरण अभ्यासक रौफ अली यांनी यावर काम केलंय, एकटा हत्ती किंवा एकटं चितळ जेवढं नुकसान करेल त्यापेक्षा दोघांनी मिळून केलेलं भारी पडतं. बॅरन आयलंडवर, म्हणजे आपल्या देशातल्या एकमेव जिवंत ज्वालामुखीवर, बोटीतून सोडलेल्या बकऱ्यांचा वंश शंभर वर्षं तग धरून होता. बकरी हे जनावर कुठेही जगतं, मानलं पाहिजे.

आणि कुत्री. इथे मी शिव्या खाणार आहे, माहितीये. पण कासवांच्या किनाऱ्यांवर मोकाट कुत्री वाळू उकरून अंडी खातात, हे अंदमान-निकोबारमध्ये वर्षानुवर्षं चालू आहे आणि समुद्रातून एवढी मेहनत करून वर आलेल्या त्या मादीचा जीव कुत्र्याच्या जिवापेक्षा कमी कसा, हे मला कुणी समजावून सांगा.

सगळ्यात राग येतो तो कायद्याचा. चितळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, मुख्य भूमीवर ते योग्यच. २०२२ च्या दुरुस्तीत आक्रमक परकीय जातींबद्दल तरतूद आली, मी खूश होऊन वाचायला बसले, तर व्याख्या काय? जी जात मूळची 'भारतातली' नाही ती परकीय. म्हणजे अंदमानातलं चितळ बसतच नाही त्यात! दिल्लीत बसून नकाशा बघितला की अंदमान भारतातच, चितळ भारतातलंच, विषय संपला. मधला हजारेक किलोमीटरचा समुद्र कुणी मोजलाच नाही.

असं नाही की आपल्याला जमत नाही. नारकोंडम नावाचं जेमतेम सात चौरस किलोमीटरचं बेट आहे, तिथला धनेश (मोठ्या चोचीचा पक्षी) जगात फक्त तिथेच आहे. पोलीस चौकीबरोबर बकऱ्या आल्या, रानटी झाल्या, ज्या फळझाडांवर धनेश जगतो त्यांचीच रोपटी खायला लागल्या. मग त्या हटवल्या गेल्या. प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांवर तर हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून दीड लाखाच्या आसपास बकऱ्या संपवल्या. उरलेल्या शोधायला एका बकरीच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधायचे, ती कळपाकडे जायची आणि मागून माणसं पोचायची. क्रूर वाटतं? मलाही वाटतं. पण तिथे झाडी परत आली.

"मग मारायची का हरणं?" हो, माझं मत हो आहे. रॉससारख्या छोट्या बेटावरची पकडून हलवता येतील, पण मिडल अंदमानच्या जंगलातली कशी पकडणार? तिथे माणसं नेमून, नियम करून संख्या कमीच करावी लागेल, आणि आधी ती व्याख्या बदलून 'त्या बेटावरची नाही' अशी करावी लागेल. तुमचं मत वेगळं असेल तर लिहा, फक्त देवाधर्मावर जाऊ नका.

लिटल अंदमानवर अजून चितळ पोचलेलं नाही. तिथे आता रिसॉर्ट, टुरिझमच्या गप्पा सुरू आहेत, तेव्हा उद्या कुठल्या तरी हॉटेलवाल्याला लॉनवर दोन हरणं हवीशी वाटली तर त्याला बेटाच्या जेट्टीवरच अडवणारं कुणी आहे का, एवढं मला तिथल्या वनखात्याला विचारायचंय. ओळखीतलं कुणी असेल तर टॅग करा.