दुकान डावीकडे आहे

गाणी विकत घेऊन ऐकावीत, हा विचार माझ्या मनात प्रथम आला तो 2008 सालच्या जुलै महिन्यात. त्याआधीची तीस वर्षे मी संगीतावर मनापासून प्रेम केले, पण खर्च मात्र कोऱ्या कॅसेटीपलीकडे केला नाही. शेजाऱ्यांच्या कॅसेटी भरून घेतल्या, सीडी आल्यावर त्या राइट करून घेतल्या आणि पेन ड्राइव्ह आल्यानंतर तर कोणाचे काय घेतले याचा हिशेबच राहिला नाही. पन्नाशी जवळ आली की माणसाला पथ्यपाणी आठवते. मला कॉपीराइट आठवला.

निमित्त भाच्याचे. त्याने माझ्या संगणकावर विंडोजच्या जागी चालणाऱ्या उबुंटू या प्रणालीची 8.04 ही आवृत्ती घातली, त्यातला रिदमबॉक्स नावाचा प्लेयर उघडून दाखवला आणि म्हणाला, "मामा, हे सगळं फुकट आहे आणि कायदेशीरसुद्धा आहे." या दोन गोष्टी एका घरात नांदताना मी तोवर पाहिल्या नव्हत्या. मात्र माझे एकही एमपी3 गाणे त्यात वाजेना. एमपी3च्या तंत्रावर पेटंटे असल्यामुळे ते वाजवणारा भाग उबुंटूसोबत येत नसे, तो वेगळा घालावा लागे. असे भाग ज्या कप्प्यांत ठेवलेले असतात त्यांची नावे 'गुड', 'बॅड' आणि 'अग्ली' अशी आहेत, आणि माझा तीस वर्षांचा रसिकपणा तिसऱ्या कप्प्यावाचून मुका होता. भाच्याने तो कप्पा बसवला आणि चपला घालता घालता सांगितले, "विकत घ्यायची तर आतच दुकान लावता येतं. प्लगइनच्या, म्हणजे जोडभागांच्या, यादीत मॅग्नाट्यूनवर टिक करा, झालं."

टिक केली. डावीकडच्या पट्टीत दुकानाचे नाव उमटले आणि मालाची यादी उतरू लागली. माझे कनेक्शन 256 केबीपीएसचे होते. त्या काळच्या सरकारी व्याख्येत यालाच ब्रॉडबँड म्हणत. यादी निम्मी उतरली आणि वीज गेली. भारनियमनाचे वेळापत्रक मी स्वतःच्या हाताने फ्रिजवर चिकटवलेले होते, तरीही दर वेळी वीज गेली की मला धक्का बसत असे. दुसऱ्या दिवशी यादी पुन्हा पहिल्यापासून उतरवली.

हे दुकान जॉन बकमन या गृहस्थांनी 2003 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे काढले होते. 'आम्ही दुष्ट नाही', असे त्याचे ब्रीदवाक्य होते. आमच्या पेठेतल्या एकाही दुकानदाराने आजवर एवढी लेखी हमी दिलेली नाही. अख्खा अल्बम फुकट ऐकता येत असे, फक्त प्रत्येक तुकड्याच्या शेवटी इंग्रजीत कोणीतरी कलावंताचे आणि दुकानाचे नाव सांगत असे. मला ल्यूटवादनाचा एक अल्बम सापडला. ल्यूट म्हणजे फुगीर पोटाचे आणि मान मागे मोडलेले एक जुने युरोपीय तंतुवाद्य. भाजी निवडता निवडता आई रोज ते ऐकू लागली. "हे कुठलं रे केंद्र?" तिने पहिल्याच दिवशी विचारले. गाणे संपल्यावर निवेदन होते, म्हणजे ती आकाशवाणीच असणार, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

आठवडाभराने मी खरेदीचे बटण दाबले आणि खरी परीक्षा सुरू झाली. अल्बमची किंमत गिऱ्हाइकानेच ठरवायची होती, 5 ते 18 डॉलरच्या दरम्यान. त्यातली निम्मी रक्कम कलावंताला मिळणार होती. 8 डॉलरसमोर 'सर्वसाधारण' असे लिहिले होते, 12 समोर 'उदार', 15 समोर 'अतिशय उदार' आणि 18 समोर तर थेट 'आमचे तुमच्यावर प्रेम आहे'. कोथिंबिरीच्या जुडीसाठी मंडईला दोन फेऱ्या मारणाऱ्या माणसाला कोणी असे कोंडीत पकडू नये. दुकानदाराने भाव सांगायचा आणि आपण निघून जायचे नाटक करायचे, एवढाच व्यवहार मला येतो. इथे निघून जायला लागलो तरी मागून हाक मारणारे कोणी नव्हते. डॉलर 43 रुपयांच्या आसपास होता. मी 8 वर बोट ठेवले आणि बँकेचे कार्ड काढले.

ते नाकारले गेले. बँकेला फोन केला तेव्हा "हे कार्ड देशाबाहेर चालत नाही, सर," असे उत्तर मिळाले. कार्ड कुठेही गेलेले नव्हते, माझ्या टेबलावरच होते, हे सांगून उपयोग झाला नाही.

शेवटी साडूंना फोन लावला. ते हिंजवडीत नोकरीला, त्यांच्याकडे क्रेडिट कार्ड. "गाणी? विकत?" एवढे दोनच प्रश्न त्यांनी विचारले, पण त्यांतून त्यांचे माझ्याविषयीचे जुने मत मला कळून चुकले. मग त्यांनी चार-चार करून सोळा आकडे सांगितले, मी ते मोठ्याने म्हणत टाइप केले आणि मधल्या एका सातावरून आमच्यात दोनदा मतभेद झाले. सगळे भरून झाल्यावर ते म्हणाले, "किती टाकताय?" मी 'आठ' म्हणण्याच्या बेतात असताना शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींनी माझी बाही ओढली आणि कुजबुजल्या, "अहो, ताईच्या घरी आपण सर्वसाधारण म्हणून कळायला नको." मी 12 डॉलर टाकले. 516 रुपये झाले.

एवढे पैसे मोजल्यावर माल तरी वजनदार हवा, म्हणून प्रकारांच्या यादीतून मी आवाज जराही न कापणारा फ्लॅक निवडला. तीनशेच्या आसपास एमबी. पूर्ण तीन तास मी त्या पट्टीसमोर बसून राहिलो, एक डोळा टक्क्यांवर आणि एक फ्रिजवरच्या कागदावर. वीज गेली नाही. साडेदहाला अल्बम माझ्या लायब्ररीत येऊन बसला, आयुष्यातला पहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोठ्या स्पीकरवर लावला. विकतच्या प्रतीत निवेदन नसे. पहिला तुकडा संपला आणि दोन क्षणांच्या शांततेनंतर थेट दुसरा सुरू झाला. गवारीच्या शेंगा मोडता मोडता आईने मान वर केली.

"अरे, मध्ये बोलायचं ते कोणी आज बोलत नाही?"

"आता नाही बोलणार, आई. आपण पैसे भरलेत."

"पैसे भरून बंद केलंस?" आई म्हणाली. "कालचंच लाव."