चालू गाडीत बॅटरीची वायर काढू नका

‘बॅटरी सारखी उतरते? इंजिन चालू ठेवून निगेटिव्ह वायर काढा. गाडी बंद पडली नाही तर अल्टरनेटर चांगला,’ असा मेसेज फिरतोय. कृपया हे करू नका. (अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी चार्ज करणारा भाग.) व्होल्टेजचे झटके बॅटरी झेलते. ती सुटली की व्होल्टेज क्षणात उसळतो आणि ईसीयू, म्हणजे गाडीचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, जळू शकतो. कार्बोरेटरच्या, ईसीयू नसलेल्या जुन्या गाड्यांत हे खपून जायचं.

त्याऐवजी बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. बंद गाडीत पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5. चालू इंजिनातही आकडा वर चढत नसेल, तर अल्टरनेटर, पट्टा, वायरिंग तपासा. चार्जिंग ठीक, तरी सकाळी बॅटरी उतरलेली? मग बॅटरीच कमजोर झाली असेल किंवा बंद गाडीत काहीतरी करंट खात असेल, अनेकदा डिकीचा दिवा किंवा मागाहून बसवलेला कॅमेरा.

मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला त्यांनाही कळवा.