नवरदेव एक, वऱ्हाड बारा डब्यांचं

खेळण्यातल्या छोट्या रेल्वेचं इंजिन घेतलं तेव्हा घरात भांडण झालं नाही. ‘एकदाच तर घ्यायचं आहे,’ एवढं म्हटलं आणि सुटलो. पांढऱ्या अंगावर लाल पट्टा असलेलं डब्ल्यूएपी-७, म्हणजे प्रवासी गाड्या ओढणारं विजेचं इंजिन, बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत नागपूरच्या अजनी इंजिन शेडचं नाव. तीन दिवस ते आठ बाय चारच्या प्लायवर एकटंच गोल गोल फिरत होतं. चौथ्या दिवशी बायको चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाली, “अहो, हे एकटंच काहून फिरून राहिलं? याची गाडी कुठं गेली?”

झालं. छोट्या रेल्वेत इंजिन म्हणजे नवरदेव. तो एकदा नटवला की संपलं. पैसा खातं ते वऱ्हाड. (नागपूर वऱ्हाडात येत नाही हे मला ठाऊक आहे, अमरावतीकरांनी पत्रं पाठवू नयेत.)

पहिले तीन डबे मी घेतले ते निव्वळ स्वस्त म्हणून. खोक्यावर माप बरोबर होतं, १:८७, म्हणजे खऱ्या डब्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढं; या मापाला एचओ म्हणतात. पण चाकं प्लास्टिकची आणि अंग पापडासारखं. वळणावर इंजिन पुढून ओढायचं, मागचे डबे मागं ओढायचे आणि मधला हलका गडी आतल्या बाजूला निवांत लवंडायचा. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशननं यावर नियमच घालून दिलाय: एचओच्या डब्याला आधी १ औंस, त्यावर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. माझा डबा दहा इंची. म्हणजे ६ औंस, १७० ग्रॅम.

घरातला काटा बिघडलेला, म्हणून डबा पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. दुकानदारानं तो हातात फिरवून पाहिला, खिडक्यांतून आत डोकावला, मग काट्यावर ठेवला. “पंच्याण्णव भरून राहिला, भाऊ. बाकीचं का टाकू? साबुदाणा?”

साबुदाण्याऐवजी मी इतवारीत लोहा ओळीतून नट आणले. पंच्याहत्तर ग्रॅम नट. ते घेताना दुकानातल्या पोरानं ‘साइज कोणता?’ विचारलं आणि मी ‘वजन बघून द्या’ म्हणालो, तेव्हापासून तो मला बघून हसतो. नट मी डब्यात घाईघाईनं एकाच बाजूला चिकटवले. डबा लवंडायचा थांबला, पण दारात वीस माणसं लटकल्यासारखा एका अंगावर कलून चालू लागला. दिसायला अगदी जनरलचा डबा. मी तसंच सांगत सुटलो, की मुद्दाम केलंय.

मग भाच्यानं मनावर घेतलं. तो जर्मनीत असतो. “मामा, इथं जुन्या बाजारात सहा डबे पडून आहेत, पाण्याच्या भावात.” आले. काय डबे होते! आत टेबलं, टेबलांवर दिवे, दिव्यांवर टोप्या. सहाच्या सहा रुळांवर लावले, इंजिन जोडलं, बटण फिरवलं. इंजिन हललं नाही. कंट्रोलरचा लाल दिवा लागला आणि त्यातून वास आला.

दोन रात्री डोकं खाजवल्यावर कळलं. माझ्या रुळांना वीज दोन पट्ट्यांतून येते. एक अधिक, एक उणे. म्हणून डाव्या आणि उजव्या चाकांचा एकमेकांशी विजेचा संबंध असता कामा नये. हे डबे होते तीन रुळांच्या पद्धतीतले. त्यात वीज मधून येते, परत दोन्ही पट्ट्यांतून जाते, त्यामुळे दोन्ही चाकं अख्ख्या लोखंडी आसानं बिनधास्त जोडलेली. सहा डबे, प्रत्येकाचे चार आस. म्हणजे मी रुळांवर चोवीस शॉर्टसर्किट ओळीनं मांडले होते. आस बदलायचा खर्च काढला तर तो डब्यांच्या किमतीपेक्षा जास्त. ते डबे आता शोकेसमध्ये आहेत, लग्नात आलेल्या डिनरसेटच्या शेजारी. तोही कधी बाहेर निघत नाही.

इंग्लंडचे जुने डबेही स्वस्त मिळतात. रूळ तेच, साडेसोळा मिलिमीटर अंतराचे, पण माप १:७६. इंजिनापेक्षा वऱ्हाड चौदा टक्क्यांनी मोठं! एक फोटो पाहूनच तो विचार सोडला.

“मोतीबागेतल्या म्युझियमसारखी ती छोटी गाडी घ्या ना,” बायको म्हणाली. मुद्दा बिनतोड होता. आमची ती छिंदवाड्याची गाडी ७६२ मिलिमीटर गेजची होती, म्हणजे दोन पट्ट्यांत तेवढं अंतर. १:८७ नं भागलं की पावणेनऊ, म्हणजे ९ मिलिमीटरचे तयार रूळ चालतात. डबेही आखूड, कसल्याही वळणावर वळतील. पण मला ते डबे विकत कुठं मिळाले नाहीत, आणि पुठ्ठ्याचे करायला बसलो असतो तर सहावा डबा होईपर्यंत नातू नोकरीला लागला असता.

शेवटी आपलेच घ्यायचे ठरले. जुन्या पद्धतीचे आयसीएफ की नव्या पद्धतीचे लांब एलएचबी? शेजारचे काका रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. ते म्हणाले, “आयसीएफ घे. सव्वाएकवीस मीटरचा साधा डबा, कुठंही वळतो.” हिशेबानं आयसीएफ होतो साडेचोवीस सेंटिमीटरचा, एलएचबी सत्तावीसचा. अडीच सेंटिमीटरला कोण विचारतो? मला एलएचबीचा लाल रंग आवडला, तोच ठरला. एका डब्याची किंमत बायकोनं ऐकली आणि शांतपणे म्हणाली, “एवढ्यात खऱ्या डब्यात बसून, थर्ड एसीनं, मुंबईला जाऊन येता येते.” त्यातही आधी पैसे भरायचे, मग माल बनणार. आठ महिने वेटिंग. आरएसी वगैरे काही नाही.

डबा आला. धातूची चाकं, वजन काट्यावर बरोबर, खिडक्यांच्या काचा इतक्या नेमक्या की मी फुंकरही जपून मारली. काकांना बोलावलं. गाडी निघाली, सरळ रुळावर तर रेशमासारखी. मग वळण आलं.

वळणाची त्रिज्या निदान डब्याच्या लांबीच्या अडीचपट हवी, असा एक ठोकताळा आहे. माझ्या डब्याला साडेसव्वीस इंच लागतात. चार फुटी प्लायवर चोवीसच्या पुढं गेलात तर गाडी थेट फरशीवर. माझं वळण बावीसचं. डब्याचा कोपरा बाहेर आला आणि प्लॅटफॉर्मवरून झाडू फिरवल्यासारखा गेला. बाकं, हमाल, दोन बायका, त्यांची ट्रंक आणि माझा लाडका तर्री-पोह्याचा ठेला, सगळे सोफ्याखाली.

“कर्वावर प्लॅटफॉर्म मागं घ्यावा लागते,” काका म्हणाले. “आमच्या गँगमनलेही माहीत होतं.”

बायकोनं सोफ्याखालून एकेक प्रवासी वेचला. हमालाचं डोकं सापडलं नाही. मी हॅकसॉ ब्लेडनं प्लॅटफॉर्म पाच मिलिमीटर कापला. पोह्याचा ठेला आता पार्किंगमध्ये लागतो. गाडी पुन्हा सोडली. इंजिन, मागं लाल डबा, वळणावरून केसाच्या अंतरानं सुटली. बायको चक्क टाळ्या वाजवत होती.

काका मात्र खाली वाकून गाडीच्या शेपटाकडं बघत होते. “गार्डाचा डबा कुठाय?”

“काका, अजून एकच आलाय.”

“मंग हे सुटलीच कशी? झेंडी कोणं दाखवली?”

मी मोबाईल हातात घेतला. बायकोनं टाळ्या थांबवल्या.